हलकी किक

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी चार वाक्यं इकडची तिकडे केली आहेत, बाकी बोललो तसंच.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘निवृत्तीनंतरचा छंद’. माझ्याआधी एकाने गच्चीवरची बाग सांगितली, एकीने भजनी मंडळ सांगितलं. दोन्ही ऐकून मला जरा लाज वाटली, कारण माझ्या छंदाने माझा पाय मोडला. बाहेर निंबाखाली जी काळी बुलेट उभी आहे, तीच ती. सकाळपासून तिच्याभोवती फोटो काढणं चाललंय, म्हणून तिच्याबद्दलच बोलतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, मी जळगावला पॉलिटेक्निकमध्ये एकतीस वर्षं यंत्र अभियांत्रिकी शिकवली. त्यातली निम्मी वर्षं ‘इंजिन’ हा विषय माझ्याकडे होता. फळ्यावर खडूने मी हजारो इंजिनं चालवली असतील. स्वतःच्या हाताने खोललेलं एकही नव्हतं. २०२० साली निवृत्त झालो, दोन वर्षं घरात बसलो, आणि मग जळगावात अजिंठा चौफुलीकडे जुन्या गाड्यांच्या एका दुकानाबाहेर ही दिसली. १९७१चं मॉडेल, पासिंग धुळ्याचं. किंमत सांगत नाही, सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

बुलेटबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. ही गाडी मूळ इंग्लंडची, रेडिच गावच्या कारखान्याची. लष्करासाठी आणि पोलिसांसाठी सरकारने ती घ्यायचं ठरवलं, आणि १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली. तिकडे इंग्लंडात कारखाना बंद पडला, इकडे गाडी निघतच राहिली. साडेतीनशेची जी बुलेट आपण लहानपणी फौजदाराकडे पाहिली, तिचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. म्हणजे ३४६ सीसी. आणि तिचा कॉम्प्रेशन रेशो ६.५. हा आकडा लक्षात ठेवा. सिलिंडरमध्ये भरलेली हवा आणि पेट्रोल पिस्टन किती पटीने दाबतो, त्याचा तो आकडा. आजच्या मोटरसायकलला तो नऊ-दहाच्या घरात असतो. जेवढा दाब जास्त तेवढी ताकद जास्त, आणि तेवढीच किक जड.

जुन्या बुलेटच्या किकबद्दल तुम्हाला सांगायला नको. आपल्या वर्गात ज्यांच्या घरी ती होती त्यांचे वडील किक मारायच्या आधी धोतराचा काचा मारायचे. पिस्टन नेमक्या जागी आणायचा, हँडलवरची डीकम्प्रेसरची लिव्हर दाबून दाब सोडायचा, मग सगळं वजन टाकून किक. चुकलं तर ती उलटा मार देते. त्या माराने धुळ्यात किती घोटे सुजले असतील, त्याची नोंद नाही.

माझी गाडी मात्र पहिल्या किकला सुरू झाली, आणि किक अशी हलकी की लुनाची वाटावी. मी खूश. जळगावचा मिस्त्री खूश नव्हता. तो म्हणाला, “साहेब, रिंगा गेल्या, ब्लॉक गेला. बोअरिंग करून टाका.” त्याचं चुकलं नव्हतं. किक हलकी म्हणजे दाब कुठूनतरी पळतोय, हा सरळ हिशोब. पण यावरची साधी चाचणी मी वर्षानुवर्षं शिकवली होती. प्लग काढायचा, दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडायचं, प्लग लावून किक मारायची. रिंगा झिजल्या असतील तर ऑइलने फट बुजते आणि किक जड होते. मी केलं. किक होती तेवढीच हलकी. मग वॉल्व्ह गळतोय का म्हणून कार्बोरेटरच्या तोंडाशी कान लावला, सायलेन्सरच्या तोंडाशी लावला. कुठे फुस्स नाही.

म्हणजे दाब पळत नव्हता. तो तयारच कमी होत होता. आत कुठेतरी जागा जास्त होती.

इथपर्यंत माझी बुद्धी पोचली आणि थांबली. मग मी तेच केलं जे आपण आठवीपासून करत आलो. मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री म्हणजे कोण, हे आपल्या तुकडीला सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. खिडकीकडच्या रांगेतला तिसरा बाक, माझ्या डाव्या हाताला तो बसायचा. शाळेची घंटा तुटली तेव्हा तिचा आकडा त्याने घरून करून आणला होता, तेव्हापासून त्याचं नाव पडलं. नववीच्या दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. वडील अंथरुणाला खिळले होते आणि घरचं लेथ बंद ठेवून चालणार नव्हतं. आजही तो त्याच लेथवर उभा असतो. भाषणात नाव घ्यायचं नाही, अशी त्याने अट घातली आहे, ती पाळतो.

जळगावहून धुळे नव्वदेक किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. मे महिना होता. पहाटे पाचला निघालो तरी एरंडोलपर्यंत ऊन डोक्यावर. गाडी साठच्या वर जायला तयार नाही. केळीचे ट्रक मला ओलांडून जात होते, ते सोडा. पारोळ्याच्या पुढे दुधाचे कॅन लावलेला एक राजदूतवाला गेला, आणि जाताना त्याने मागे वळून पाहिलं.

मिस्त्रीने गाडीकडे पाहिलं, इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं ऐकलं आणि टॅपेटचं झाकण उघडलं. “हे बघ रे भो,” म्हणाला. टॅपेटचे दोन्ही स्क्रू वर, जवळजवळ शेवटच्या आट्यापर्यंत आलेले. वर्गात मी हा प्रश्न परीक्षेला घालू शकलो असतो. बुलेटमध्ये वॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, खालून वर जातो. ब्लॉक आणि हेड दोन्ही जर वर सरकले, तर दांडा अपुरा पडतो आणि फट भरायला स्क्रू वर घ्यावा लागतो. म्हणजे कुणीतरी ब्लॉक उचलला होता. ब्लॉकखाली काहीतरी सरकवलं होतं.

“किती?” मी विचारलं.

“खोलल्याशिवाय कसं सांगू? तू प्रोफेसर, तू सांग.”

सांगता येतं. पिस्टन अगदी वर आणायचा, गाडी अशी कलती धरायची की प्लगचं भोक सगळ्यात उंच राहील, आणि त्यातून पातळ ऑइल मोजून भरायचं. जितकं मावेल तितकी आतली जागा. मोजायला काय हवं? ब्युरेट. मी दुसऱ्या खेपेला कॉलेजच्या प्रयोगशाळेतून एक मागून आणली, पन्नास मिलिलिटरची. काचेची ती नळी मी पिशवीतून काढली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने हात मागे घेतले.

“तूच धर,” म्हणाला. “माझ्या हातून फुटते.”

सर, तुम्ही समोर बसला आहात. गेल्या ४६ वर्षांत हे सांगायचं धाडस झालं नाही, आज सांगतो. नववीत प्रात्यक्षिकाच्या टेबलावरची ब्युरेट फुटली होती, आठवत असेल. ती मी फोडली. तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि शेजारचा उभा राहिला. छडी त्याने खाल्ली. भरपाईचे पैसे त्याच्या वडिलांनी भरले, आणि ते त्या घराला त्या वर्षी जड होते. दिवाळीनंतर त्याने शाळा सोडली ती त्यामुळे नाही, हे मला माहीत आहे. त्यानेही कधी तसं म्हटलं नाही. पण त्याच्या आणि माझ्या आयुष्यात तो विषय निघालाच नव्हता, तो असा बुलेटच्या प्लगच्या भोकाशी निघाला. मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, “ऑइल सांडतंय, बघ तिकडे.”

एक ब्युरेट पूर्ण, आणि दुसरी २६पर्यंत. एकूण ७६ सीसी.

मी तिथेच पुठ्ठ्यावर हिशोब मांडला. कंपनीच्या ६.५ रेशोसाठी वरची जागा ६३ सीसीच्या आसपास हवी. आपल्याकडे १३ सीसी जास्त. टॉर्च मारून प्लगच्या भोकातून पिस्टनच्या डोक्यावर पाहिलं तर ०४० असा छाप दिसला, म्हणजे बोअरिंग होऊन एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसलेला. बोअर ७१ झाला, गाडी ३५६ सीसीची झाली. त्या हिशोबाने रेशो निघाला ५.७. आणि १३ सीसी जागा तेवढ्या गोल तोंडाखाली भरायची तर जाडी येते सव्वातीन मिलिमीटर. मी जाहीर केलं, “तीन मिलिमीटरची प्लेट आहे, आणि वर-खाली पॅकिंग.” ब्लॉक काढला तेव्हा हेच निघालं. ॲल्युमिनियमची, हाताने कानस मारलेली, स्टडची आणि पुशरॉडची भोकं नीट पाडलेली प्लेट. व्हर्नियरने मोजली, तीनला एक केस कमी. लेथवर काम करणारी दोन पोरं माझ्याकडे आदराने बघायला लागली. एकतीस वर्षांच्या नोकरीत असा क्षण माझ्या वाट्याला आला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता, का घातली?

यावर त्या वर्कशॉपमध्ये एकमत व्हायला पाच मिनिटं लागली. रॉकेल! १९७३च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. आपण तेव्हा पाचवी-सहावीत होतो. मोठ्यांच्या गाड्या घरी उभ्या राहिल्या, ते थोडं आठवतं. रॉकेलवर इंजिन चालवायचं तर दाब कमी लागतो, नाहीतर ते ठोके मारतं. विहिरीवरच्या इंजिनासाठी रॉकेल घरात असायचंच. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की रॉकेलवर टाकायचं. ब्लॉकखाली प्लेट ही त्याचीच तयारी. मला हे इतकं आवडलं की परतीच्या रस्त्यावर मुकटीपर्यंत माझा ‘तेलसंकट आणि खानदेशी तंत्रज्ञान’ असा लेखसुद्धा डोक्यात तयार झाला.

फक्त मिस्त्री गप्प होता. तो म्हणाला, “रॉकेलची दुसरी टाकी कुठंय? दुसरा कॉक कुठंय? टाकीला वेल्डिंगची खूण नाही, कार्बोरेटरला दुसरी नळी नाही.” मी म्हटलं, नंतर काढली असेल. तो म्हणाला, “असेल. पण मग पुढचं लहान स्प्रॉकेट दोन दात कमीचं का लावलं? रॉकेलला त्याचं काय?” मी म्हटलं, ताकद कमी झाली म्हणून. तो म्हणाला, “आणि टायमिंग एवढं मागे का?” त्याचंही उत्तर मी दिलं. प्रोफेसर माणसाकडे उत्तरं कमी नसतात.

शेवटी त्याने एवढंच सांगितलं, “कुणी घातली आणि कशाला, ते कळेपर्यंत काढू नको. ज्याने मधे बोअरिंग केलं ना, त्यानेही ती पाहिली असणार. त्याने परत बसवली.”

मी ऐकलं नाही. जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या लोकांत एक रोग असतो, ‘कंपनी फिटिंग’. प्रत्येक नट कारखान्यातून आला तसाच हवा. मलाही तो झाला होता. प्लेट काढली, टायमिंग पुस्तकाप्रमाणे लावलं, स्प्रॉकेट बदललं. मोजून पाहिलं, रेशो साडेसहाला बरोबर. गाडी बदललीच. आग्रा रोडने लळिंगच्या घाटात मी ती नेली तेव्हा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये तिने जो आवाज केला, तो ऐकून मला माझं वय आठवेना. असे सहा महिने गेले.

डिसेंबरातली गोष्ट. जळगावला थंडी चांगली पडली होती. सकाळी सातला स्वेटर घालून मी गाडी बाहेर काढली, घाईत डीकम्प्रेसर न वापरता किक मारली, आणि तिने मार दिला. किक उलटी आली ती सरळ घोट्यावर. आवाज मला ऐकू आला. शेजारच्यांनाही आला म्हणतात. हाडाला चीर, पाच आठवडे प्लास्टर.

कारण नंतर सापडलं, ते सांगतो, कारण इथे दोघा-तिघांकडे अजून बुलेट आहे. पॉइंटखाली दोन छोट्या वजनांचं एक यंत्र असतं. इंजिन हळू फिरताना ठिणगी उशिरा, जोरात फिरताना लवकर, हे ते आपोआप करतं. माझ्या गाडीत ते गंजून पुढच्या बाजूलाच अडकलेलं होतं. म्हणजे किक मारतानाही ठिणगी लवकरच पडणार. ज्या कुणी टायमिंग मागे ओढून ठेवलं होतं, त्याने ही गोष्ट सांभाळून घेतली होती. मी पुस्तक उघडून ते ‘दुरुस्त’ केलं. गाडी नव्हे, मीच सापळा लावला स्वतःला.

प्लास्टर चौथ्या आठवड्यात असताना मुलगा मला गाडीतून धुळ्याला घेऊन गेला. बुलेट आधीच टेम्पोने मिस्त्रीकडे पोचवली होती. मी स्टुलावर बसलो, उजवा पाय समोर दुसऱ्या स्टुलावर. तो माझ्या पायाकडे पाहत होता. मग गाडीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्या पायाकडे. उठला, गाडीच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला आणि म्हणाला, “रबर बघितलं होतं का रे?”

फूटरेस्टची रबरं. दोन्ही एकाच छापाची, एकाच वेळी घेतलेली. डावं झिजून गुळगुळीत, वरच्या रेघा पुसलेल्या. उजव्याच्या सगळ्या रेघा जशाच्या तशा, मधे धूळ बसलेली. त्या फूटरेस्टवर कुणी कधी पाय ठेवलाच नव्हता.

मग एकेक दिसायला लागलं. आधीही ते तिथेच होतं. किकचा दांडा दोन इंच लांब होता, वेल्डिंग इतकं सफाईचं की रंगाखाली दिसत नव्हतं. लांब दांडा म्हणजे कमी जोर. फूटरेस्टच्या खाली, पुढच्या बाजूला फ्रेमवर वेल्डिंगचे दोन ठिपके, काहीतरी कापून टाकल्यासारखे. आणि न्यूट्रलच्या लिव्हरवर एक रुंद पत्रा जोडलेला.

ही न्यूट्रलची लिव्हर आजच्या पोरांना माहीत नसते. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर टाकायला लिव्हर पंजाने वर उचलायची, दुसरा, तिसरा, चौथा खाली दाबून. आणि शेजारी एक वेगळी छोटी लिव्हर, टाचेने दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यातून गाडी थेट न्यूट्रलमध्ये. मिस्त्री जमिनीवर बसून हाताने त्या लिव्हर खाली-वर करत होता. म्हणाला, “पहिला गिअर सोडून दे. दुसऱ्यात उचल, म्हणून पुढचं स्प्रॉकेट लहान. दुसरा दाबून, तिसरा दाबून, चौथा दाबून. थांबायचं तर न्यूट्रल, तेही दाबून. पाय उचलायचाच नाही कुठे. फक्त वजन टाकायचं.”

दाब कमी, टायमिंग मागे, दांडा लांब, स्प्रॉकेट लहान. मी पाच कारणं शोधून ठेवली होती. कारण एकच होतं, आणि ते मला इंजिनात दिसणार नव्हतं.

गाडीचं आरसी पुस्तक जुन्या पद्धतीचं, पानांचं. पहिलं नाव धुळ्याचं. दुसरं १९७६ साली पारोळा तालुक्यातल्या एका गावचं. तिसरं त्याच आडनावाचं, मुलाचं. माझं प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघं त्या गावी गेलो. गावाचं नाव सांगत नाही, त्या घरच्यांना आवडेल की नाही माहीत नाही. मुलगा सुरतेला असतो. घरी त्याची आई होती, ऐंशीच्या पुढची. आम्ही गाडीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा आणायला लावला, फोटो बराच वेळ हातात धरला.

गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घरची कपाशीची जमीन होती. नेमणूक आठ कोसावरच्या गावाला, रस्ता कच्चा. स्कूटर घ्यावी तर त्या काळात नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून जुनी बुलेट घेतली.

“त्यासना उजवा पाय बारीक व्हता, भाऊ,” त्या म्हणाल्या. लहानपणचा पोलिओ. चालताना उजवा हात मांडीवर दाबून चालायचे. गाडी घेतली पण किक मारता येईना. रोज शाळा सुटली की वर्गातली पोरं गाडीला धक्का मारत. पोरांना गंमत वाटे. “त्यासले ते आवडे नई.”

मग एका सुट्टीत ते गाडी घेऊन धुळ्याला गेले आणि तीन दिवस तिथेच राहिले. परत आले ते अंगणात आले, गाडी मोठ्या स्टँडवर लावली, बंद केली, आणि बाईंना म्हणाले, बघ. सीटवर बसून दोन्ही हात उजव्या मांडीवर ठेवले आणि अंगाचं वजन टाकलं. गाडी सुरू झाली. त्यांनी ती परत बंद केली, परत सुरू केली. असं चार वेळा. पाय टेकायला लोखंडी पाटली होती, ती मुलाने गाडी विकताना काढली, विचित्र दिसते म्हणून. ती अजून घरात होती. बाईंनी ती देवघराच्या खालच्या कप्प्यातून काढून दाखवली. आम्ही ती मागितली नाही.

धुळ्यात हे काम कुणी केलं, ते त्यांना सांगता आलं नाही. “कोणी मिस्तरी व्हता,” एवढंच. मी परत येताना आपल्या मिस्त्रीला विचारलं, तुझे वडील तर नसतील? प्लेट त्याच्या खिशातच होती. त्याने ती काढून उन्हात उलटसुलट केली, कडेवरून अंगठा फिरवला. “नाही,” म्हणाला. “बापाने कड इतकी मऊ केली नसती. त्याला तेवढा धीर नव्हता.” थोड्या वेळाने म्हणाला, “शिवाय त्या वर्षी बाप आजारी पडला.”

मी वर्गात इंजिन शिकवताना सांगायचो, कॉम्प्रेशन वाढवलं की इंजिन सुधारतं. मुलांनी ते लिहून घेतलं, परीक्षेत लिहिलं, मी मार्क दिले. कॉम्प्रेशन मुद्दाम कमी करून एखाद्या माणसाची गाडी सुधारते, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं, आणि ते करणारा धुळ्यातला माणूस कदाचित नववीपर्यंतही शिकलेला नसेल.

आता गाडीचं काय केलं ते सांगतो. प्लेट परत बसवली. नव्या पॅकिंगसह, मिस्त्रीच्या हाताने. टायमिंगखालचं ते गंजलेलं यंत्र बदललं. स्प्रॉकेट परत लहान लावलं, किकचा दांडा होता तसाच आहे. गाडी पुन्हा साठच्या वर जात नाही, आणि माझा घोटाही जात नाही. कंपनी फिटिंगवाले मित्र हळहळतात. एकाने तर दुसरा ब्लॉक देऊ केला. मी म्हटलं, तुझे गुडघे पासष्टीत बघू.

या स्मरणिकेसाठी १९७८च्या तुकडीची जी यादी केली होती, ती शाळेच्या दहावीच्या निकालाच्या रजिस्टरावरून केली होती. त्यात जे नववीतच गेले, ती नावं नव्हती. मी संयोजकांना फोन केला. त्यांनी एका शब्दाने वाद न घालता ती नावं घातली, एकूण सात निघाली. त्यातली तिघं आज आली आहेत. एक शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसलाय, आणि मी त्याच्याकडे पाहतोय म्हणून तो छताकडे पाहतोय.

सर, ब्युरेटचे पैसे मी आज कार्यालयात भरले. पावती ‘प्रयोगशाळा साहित्य’ अशी मिळाली. किंमत आजच्या भावाने धरली, व्याज धरलेलं नाही.

जेवण झाल्यावर ज्यांना किक मारून बघायची आहे, त्यांनी निंबाखाली यावं. बायकांनीही यावं, अगदी सहज लागते. चावी माझ्याकडे नाही. मिस्त्रीकडे मागा.